सीट मुलाची, परीक्षा सायकलची

आइंडहोवनमध्ये नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एक प्रश्न हमखास पडतो: "ई-सायकल घेतली आहे, मुलगी दीड वर्षाची आहे, चाइल्ड सीट कुठली घेऊ?" पाच मिनिटांत उत्तरं येतात. कुणी थुले म्हणतं, कुणी बोबाइक, कुणी हामाक्स, कुणी आपली जुनी सीट विकायला काढतं. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, पण काम उंटावरून शेळ्या हाकण्याचं. सायकल कुठली, तिची बॅटरी कुठे बसवली आहे आणि कॅरिअरवर काय छापलंय, हे कुणीच विचारलेलं नसतं. या तीन गोष्टी कळल्या की दुकानातल्या निम्म्याअधिक सीट आपोआप बाद होतात आणि उरलेल्यांतून निवड करणं फारसं अवघड राहत नाही.

ई-सायकल म्हणजे इथे पेडल मारल्यावरच जिची मोटर जोर लावते ती. युरोपात अशा सायकलच्या मोटरची मर्यादा २५० वॅट आहे आणि ताशी २५ किलोमीटरला तिची मदत थांबते. नेदरलँड्स तर ताटासारखा सपाट देश, मग मोटर कशाला, असं भारतातून महिनाभर राहायला आलेले आजी-आजोबा विचारतात. नोव्हेंबरमध्ये समोरून वारा सुटला की त्यांना उत्तर मिळतं. मागे पंधरा किलोचं मूल, बाजूच्या पिशवीत किराणा आणि तोंडावर पाऊस अशा अवस्थेत पाळणाघर गाठायचं असेल, तर मोटर चैनीची वस्तू राहत नाही. म्हणून लहान मुलं असलेली घरं ई-सायकलकडे लवकर वळतात. आणि चाइल्ड सीटच्या बाबतीत सगळ्यात जास्त नखरे असतात ते याच सायकलचे.

मुलाचा भाग त्या मानाने सोपा आहे, तो आधी उरकू. मूल आधाराशिवाय बराच वेळ ताठ बसलं पाहिजे आणि डोक्यावर हेल्मेट असताना त्याला मान धरता आली पाहिजे. युरोपात सायकलच्या चाइल्ड सीटसाठी ईएन १४३४४ हे मानक आहे. ते ९ किलोपासून सुरू होतं. पुढच्या सीटसाठी १५ किलोपर्यंत आणि मागच्या सीटसाठी २२ किलोपर्यंत जातं. डच आईबाप साधारण नऊ महिन्यांच्या बाळाला पुढे बसवून फिरताना दिसतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला मात्र वर्षाच्या आतलं मूल सायकलवर नकोच, असा आहे. मला हा सल्ला जास्त पटतो. इथल्या जुन्या गल्ल्या विटांच्या आहेत आणि त्यांवरची थरथर मोठ्यांच्याही मनगटांना जाणवते. आठ-नऊ महिन्यांच्या मानेला ती कशाला द्यायची?

कायदा देशागणिक बदलतो. नेदरलँड्समध्ये आठ वर्षांखालच्या मुलाला पाठ, हात आणि पाय यांना पुरेसा आधार देणारी सुरक्षित बैठक असल्याशिवाय सायकलवर नेता येत नाही. सीमा ओलांडून जर्मनीत गेलात तर सर्वसाधारण नियम सात वर्षांपर्यंतच्या मुलांना नेण्याचा, चालवणारा किमान १६ वर्षांचा हवा, आणि मुलाचा पाय स्पोकमध्ये जाणार नाही अशी आडकाठी सायकलला असायलाच हवी. या शेवटच्या अटीकडे पुन्हा येऊ.

पुढे की मागे? पुढच्या सीटवर मूल आपल्या दोन हातांच्या मध्ये असतं, बोलतं, बदकं दाखवतं. तो काळ फार गोड असतो आणि १५ किलोच्या मर्यादेमुळे फार लवकर संपतोही. पण ई-सायकलवर पुढच्या सीटच्या अडचणी जास्त आहेत. हँडलच्या मधोमध स्क्रीन असते, ब्रेकच्या आणि विजेच्या तारा हँडलखालून थेट फ्रेमच्या आत जातात, आणि सीटचा ब्रॅकेट जिथे पकडायचा तिथेच गर्दी झालेली असते. काही हँडलांना वेगळा जोड घ्यावा लागतो, काहींना सीट बसतच नाही. बसली तरी चालवताना गुडघे सीटच्या कडेला आपटतात का, ते दुकानातच बघावं. आणखी एक गंमत: दीड वर्षाच्या मुलाचा हात मोटरचा जोर वाढवण्याच्या बटणापर्यंत सहज पोचतो, आणि दाबल्यावर दिवा लागणारं बटण दिसलं की ते दाबायचं नाही असं कुठल्या मुलाला वाटतं? बटण हँडलच्या मुठीजवळ असेल तर धोका कमी. मुलाच्या समोर मधोमध असेल तर मी मागची सीटच घेईन.

मागची सीट दोन प्रकारे बसते. एक, कॅरिअरवर. दोन, सॅडलखालच्या उभ्या नळीला ब्रॅकेट लावून त्यात दोन वाकवलेल्या पोलादी सळ्या खोचायच्या आणि सीट त्या सळ्यांवर कॅरिअरच्या वर अधांतरी ठेवायची. दुसऱ्या प्रकारात सळ्या थोड्या लवतात, त्यामुळे खड्ड्याचा धक्का मुलापर्यंत पोचता पोचता बराच मऊ होतो. साध्या सायकलवर मला हाच प्रकार आवडतो. ई-सायकलवर मात्र तो निवडता येईल की नाही, हे आपण ठरवत नाही, बॅटरी ठरवते.

बॅटरीच्या तीन जागा असतात. पहिली, पेडलपासून हँडलकडे जाणाऱ्या खालच्या नळीत किंवा नळीवर. ही सगळ्यात सोयीची, कारण मागचा भाग मोकळा राहतो. दुसरी, सॅडलखालची नळी आणि मागचं चाक यांच्या मध्ये उभी खोचलेली. इथे फ्रेमवरचा ब्रॅकेट बहुधा बसत नाही. बसलाच तर बॅटरी वर ओढून काढायला जागा उरत नाही, म्हणजे दर चार्जिंगला सीट काढायची. तिसरी, कॅरिअरच्या आत, खण सरकवल्यासारखी. शहरी वापराच्या बऱ्याच डच ई-सायकलींवर ती अशी असते. या सायकलींचा मागचा भाग आधीच जड असतो, त्यात मुलाची भर पडते. शिवाय बॅटरीमुळे कॅरिअर जाड आणि रुंद होतं. कॅरिअरवर पकड घेणाऱ्या सीटना साधारण १२ ते १८ सेंटीमीटर रुंदीचं कॅरिअर आणि बोटाएवढ्या, म्हणजे १० ते १६ मिलीमीटर जाडीच्या कडेच्या नळ्या लागतात. बॅटरीवाल्या कॅरिअरची कड कधी चपटी पट्टी असते, कधी नळी आणि बॅटरीचा डबा यांत पकड शिरायलाच फट नसते.

म्हणून खरेदीला निघण्याआधी मोजपट्टी आणि मोबाइलचा टॉर्च घेऊन सायकलपाशी खाली बसा. कॅरिअरच्या मागच्या किंवा खालच्या बाजूला कुठेतरी किलोचा आकडा ठोकलेला किंवा छापलेला असतो. बऱ्याचदा तो चिखलाखाली असतो, ओल्या फडक्याने पुसावं लागतं. २५ किंवा २७ दिसला तर पुढे बोलता येतं. २७ हा आकडा हवेतून आलेला नाही: २२ किलोचं मूल आणि ५ किलोच्या आसपासची सीट. १० किंवा १५ लिहिलेलं असेल तर ते कॅरिअर दप्तरासाठी आहे, मूल आज नऊ किलोचं असलं तरीही. आकडाच सापडला नाही तर सायकलच्या माहितीपुस्तकात बघायचं, तिथेही नसेल तर कंपनीला विचारायचं. "मजबूत वाटतंय" हे माप नव्हे. आकडा सापडला की मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा, दुकानात तोच दाखवा.

इथल्या नव्या कॅरिअरांवर क्लिक करून पिशवी, टोपली अडकवायची सोय असते. त्यातल्या 'मिक' नावाच्या पद्धतीत लोक फार फसतात. साधं मिक आणि मिक एचडी ही दिसायला भावंडं. पण साधं मिक टोपल्या-पिशव्यांसाठी आहे, चाइल्ड सीट लावायची ती फक्त मिक एचडी लिहिलेल्या कॅरिअरवर. एचडी असेल तर काम फार सोपं होतं: सीट खाली ठेवायची, खटकन बसते, किल्लीने कुलूप लागतं, आणि ऑफिसला एकटं जायचं असेल त्या दिवशी सीट घरी राहते. थुलेच्या येप मालिकेतल्या काही सीट कॅरिअरमध्ये ठरावीक आकाराची खाच असेल तरच थेट बसतात, नसेल तर जोड लागतो. हे सगळं सायकल दुकानात नेऊनच बघावं. तिथला मुलगा "बसेल" म्हणाला तर "बसवून दाखवा" म्हणायला लाजू नये. इथे त्याचं कुणाला वाईट वाटत नाही.

फ्रेमवरच्या सीटचं गणित वेगळं. ब्रॅकेटला गोल नळी हवी, बहुतेक कंपन्या व्यास २८ ते ४० मिलीमीटर सांगतात. ई-सायकलच्या नळ्या पुष्कळदा जाड, चपट्या किंवा वळणदार असतात. नळीच्या आतून तारा गेल्या असतील तर हरकत नाही, पण बाहेरून गेल्या असतील तर ब्रॅकेटखाली चेपल्या जाता कामा नयेत. कार्बनच्या फ्रेमला ब्रॅकेट लावायचाच नाही. मागे शॉक-अ‍ॅब्सॉर्बर असलेली फ्रेम असेल तरीही बहुधा नाहीच. आणि सीटच्या बुडावर किंवा बाजूला गुरुत्वमध्याची खूण असते, ती शोधा. ती खूण मागच्या चाकाच्या आसापेक्षा १० सेंटीमीटरहून जास्त मागे जाता कामा नये. तुम्ही उंच असाल, सॅडल मागे सरकवलेली असेल, किंवा मुलाला जागा व्हावी म्हणून सीट मागे ओढली असेल, तर ही मर्यादा नकळत ओलांडली जाते आणि सायकलचं पुढचं चाक हलकं होतं. वळताना हँडल अंगात आल्यासारखं हलायला लागलं तर पहिला संशय याचा घ्यावा.

आता वजनाचा हिशेब, तोही दोनदा. एकदा पूर्ण सायकलचा, एकदा नुसत्या कॅरिअरचा. फ्रेमवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तकात एकूण परवानगी असलेलं वजन असतं, त्यात सायकलचं स्वतःचं वजनही धरलेलं असतं. समजा ते १४० किलो आहे. सायकल बॅटरीसकट २७, बाबा ८२, मूल १६, सीट ५, जाड कुलूप आणि साखळी २, दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत किराणा १०. बेरीज १४२. दोन किलो जास्त झाले, आणि बाबा काही फार जाडे नाहीत. त्याच सायकलवर ५८ किलोची आई बसली तर ११८, म्हणजे मोकळंढाकळं. म्हणून सायकल आणि सीट ठरवताना हिशेब घरातल्या जास्त वजनाच्या माणसाचा करायचा.

आता याच उदाहरणात कॅरिअर बघा. मर्यादा २७. मूल आणि सीट मिळून २१. उरले ६. पण पिशव्याही त्याच कॅरिअरला लटकल्या आहेत आणि त्यांत १० किलो आहेत. म्हणजे कॅरिअरवर ३१, नाकापेक्षा मोती जड. आई चालवत असेल तर सायकलची एकूण मर्यादा सांभाळली जाते, तरी कॅरिअर मोडायला निघालेलंच असतं. आणि हे एका दिवसात कळत नाही. कॅरिअरचे बोल्ट हळूहळू ढिले होतात, जोडापाशी केसासारखी भेग पडते, आणि एखाद्या स्पीडब्रेकरवर ती बोलते. किराणा पुढच्या टोपलीत किंवा आपल्या दुसऱ्या फेरीत. फ्रेमवरच्या सीटमध्ये वजन कॅरिअरवर येत नाही, हा तिचा मोठा फायदा. पण तिथे मुलाचे पाय ठेवायचे पाळे खाली आलेले असतात आणि पिशव्यांना जागाच राहत नाही.

सुरक्षिततेची चर्चा निघाली की सगळे वेगाबद्दल बोलतात. मला जास्त काळजी उभ्या सायकलची वाटते. मूल उंचावर, तळाला दोन अरुंद टायर, आणि आपण फक्त दार उघडायला, मोठ्याचं दप्तर उचलायला क्षणभर वळलेलो. ई-सायकल साध्या सायकलपेक्षा आठ-दहा किलोंनी जड, ती कलंडायला लागली की एका हाताने सावरत नाही. एका पायाचा साइड स्टँड चाइल्ड सीटसाठी कामाचा नाही. दोन पायांचा रुंद डबल स्टँड हवा, आणि तो या वजनासाठी बनवलेला हवा. त्याच्या जोडीला पुढचं चाक आपोआप वळू नये म्हणून फ्रेम आणि पुढच्या फोर्कमध्ये बसवायची छोटी स्प्रिंग मिळते. फार स्वस्त वस्तू आहे. ती नसेल तर मूल चढवताना हँडल गर्रकन वळतं आणि सायकल त्याच्या मागे जाते.

स्टँड कितीही चांगला असो, मुलाला सीटवर ठेवून हात सोडायचा नाही. क्रम पाठ असावा: आधी सामान, मग मूल जमिनीवर उभं असतानाच त्याचं हेल्मेट, मग स्टँड, आणि शेवटी मूल. उतरताना उलट, मूल सगळ्यात आधी. मूल बसल्यावर मागून पाय टाकून सायकलवर चढता येत नाही, कारण तिथे आता एक डोकं आहे. म्हणून मधली दांडी खाली असलेली, पाय सहज आत टाकता येईल अशी फ्रेम हवी. नवी ई-सायकल घेणार असाल आणि घरात मूल असेल, तर पुरुषांनीही ही फ्रेम घ्यावी. दांडीवाली 'जेंट्स' सायकल रुबाबदार दिसते हे मान्य, पण रुबाब पाळणाघराच्या दारात कामाला येत नाही.

मोटरचा स्वभावही समजून घ्यायला हवा. पेडलवर पाय किती जोराने दाबला हे मोजणारा सेन्सर असेल तर मदत पायाच्या प्रमाणात येते. पेडल नुसतं फिरतंय की नाही एवढंच बघणारा स्वस्त सेन्सर असेल तर मोटर क्षणभर उशिरा जागी होते आणि मग एकदम ढकलते, थांबवलं तरी किंचित रेटत राहते. मागे मूल असताना हा धक्का त्याच्या मानेला बसतो. पहिल्या प्रकारात वेगळी सवय लावावी लागते: सिग्नलला उभं असताना पेडलवर पाय टेकवून ठेवायचा नाही. नकळत भार पडला की सायकल पुढे उडी घेते. ब्रेकचे लिव्हर दाबून ठेवायचे, मदत सगळ्यात कमी पायरीवर ठेवायची, आणि निघाल्यावर वाढवायची. ताशी ६ किलोमीटरपर्यंत सायकल बरोबर चालवत नेण्याची सोय बऱ्याच ई-सायकलींना असते. तळघरातल्या पार्किंगमधून चढावर मुलासकट वर येताना ती वरदान आहे, फक्त मूल नसताना एकदा वापरून बघा. ताशी ४५ किलोमीटरवाली स्पीड-पेडेलेक मात्र या हिशेबात धरू नका. नेदरलँड्समध्ये तिला २०१७ पासून मोपेडचे नियम लागू आहेत, आणि बऱ्याच चाइल्ड सीटच्या माहितीपत्रकात २५ किलोमीटरच्या वर सीट वापरू नये असं लिहिलेलं असतं.

एवढं झाल्यावर खुद्द सीट. रंग मुलाला निवडू द्या. तुम्ही बघायच्या गोष्टी थोड्या आहेत. पट्टे खांद्यांवरून आणि मांड्यांमधून येणारे असावेत, आणि बकल मोठ्यांच्या एका हाताने उघडावं पण मुलाच्या बोटांनी नाही. सीटची पाठ मुलाच्या डोक्याच्या वर जावी, आणि डोक्यामागे खोलगट जागा असावी. ती नसेल तर हेल्मेटचा मागचा फुगवटा पाठीला अडतो आणि मूल रस्ताभर मान खाली घालून बसतं. पायांचे पाळे उंचीनुसार वरखाली होणारे हवेत, त्यांना पाऊल धरून ठेवणारी पट्टी हवी. इथेच ती स्पोकची गोष्ट. दोन वर्षांचं मूल झोपेत पाय सैल सोडतं, आणि टाच फिरत्या चाकात गेली तर काय होतं ते इथल्या हाडांच्या डॉक्टरांना चांगलं ठाऊक आहे. पट्टी तर लावाच, शिवाय मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना आच्छादन असू द्या. डच सायकलींवर कोट अडकू नये म्हणून लावलेलं कापडी किंवा प्लास्टिकचं आवरण असतं, ते असेल तर काढू नका. स्पोर्टी ढंगाच्या ई-सायकलवर ते नसतं, वेगळं घ्यावं लागतं.

तुमच्या सॅडलखाली उघड्या स्प्रिंग असतील तर त्या झाकून टाका. मुलाची बोटं नेमकी तिथेच पोचतात, आणि तुम्ही बसलात की स्प्रिंग मिटते. हेल्मेट नेदरलँड्समध्ये सक्तीचं नाही आणि डच आई-बाप ते बरेचदा घालतही नाहीत, पण याबाबतीत त्यांचं अनुकरण नको. ईएन १०७८ लिहिलेलं घ्या, किंवा अगदी लहानांसाठी ईएन १०८०, ज्याचं हिरवं बकल जास्त ताण आल्यावर आपोआप सुटतं. आणि आपण पाठीवर बॅग घेऊन चालवत असाल तर ती काढा; मुलाचं तोंड बरोबर तिच्या झिपसमोर असतं.

पहिली फेरी मुलाला घेऊन करू नका. इंडियन स्टोअरमधून आणलेली १० किलोची आट्याची गोणी सीटमध्ये पट्ट्यांनी बांधा आणि रिकाम्या रस्त्यावर चक्कर मारा. ब्रेक लावा, डावी-उजवी वळणं घ्या, फुटपाथची कड चढा, स्टँडवर चढवा-उतरवा. मागचा टायर बसला का, ब्रेक लागायला अंतर किती वाढलं, सीट बाजूला डुलते का, हे सगळं कळतं, आणि गोणी रडत नाही. घरी आल्यावर सगळे बोल्ट पुन्हा कसा. नवा ब्रॅकेट पहिल्या काही दिवसांत थोडा बसतो, तेव्हा आठवड्याने आणखी एकदा.

हिवाळ्यात एक लक्षात ठेवा: पेडल तुम्ही मारता, मूल नाही. तुम्हाला घाम आला म्हणजे मुलाला ऊब आहे असं नव्हे. हातमोजे, पायांवर ब्लँकेट, आणि मधून मधून थांबून गालाला हात लावून बघणं. पावसात सीटवर प्लास्टिकचं झाकण टाकून ठेवलं नाही तर गादी दोन दिवस वाळत नाही.

दोन मुलं असतील तर पुढे एक आणि मागे एक सीट लावणारे पुष्कळ आहेत, पण वर केलेला हिशेब तिथे पटकन हाताबाहेर जातो. तेव्हा लांब कॅरिअरवाली किंवा पुढे खोका असलेली मालवाहू ई-सायकल बरी. तीही डोळे मिटून घ्यायची नाही: फेब्रुवारी २०२४ मध्ये डच ग्राहकसुरक्षा यंत्रणेने बाबू या मोठ्या कंपनीच्या खोक्याच्या सायकलींची विक्री थांबवायला लावली, कारण फ्रेम मोडण्याच्या तक्रारी होत्या. जुनी घेताना मॉडेल आणि फ्रेमचा क्रमांक तपासायचा.

भारतात हाच प्रश्न वेगळ्या कपड्यांत येतो. पुण्यात स्कूटरच्या पुढे उभं राहिलेलं मूल रोजचं दृश्य आहे. मोटरसायकल-स्कूटरसाठी केंद्राचा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे: नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हेल्मेट, चार वर्षांखालच्या मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा, ३० किलोपर्यंत वजन पेलणारा सुरक्षा पट्टा, आणि वेग ताशी ४० च्या आत. इलेक्ट्रिक स्कूटरही त्यात आली. हेल्मेट युरोपीय मानकाचं सायकलचं असलं तरी चालतं. पण २५० वॅटच्या आतली, ताशी २५ च्या आतली ई-सायकल मोटर वाहनच धरली जात नाही, तेव्हा हा नियम तिच्यापर्यंत पोचत नाही. तिथे शहाणपण आपलं आपण करायचं. आपल्याकडच्या बऱ्याच ई-सायकली कॅरिअरशिवायच येतात, आणि मग दुकानदार सॅडलच्या दांड्याला एका पकडीत आवळायचं कॅरिअर काढून देतो. त्यावर मूल बसवायचं नाही, मग पकड कितीही घट्ट असो. खालून दोन्ही बाजूंनी चाकाच्या आसापाशी टेकू असलेलं आणि किलो लिहिलेलं कॅरिअर मिळालं तरच पुढची सगळी चर्चा.

नव्या मागच्या सीटला नेदरलँड्समध्ये साधारण ७० ते २०० युरो पडतात, त्यामुळे जुनी घेण्यात गैर काही नाही. २७ एप्रिलला राजाच्या वाढदिवशी रस्तोरस्ती लोक घरातल्या जुन्या वस्तू मांडून बसतात, त्यात चाइल्ड सीट हमखास असतात. मानकाचं स्टिकर बघा. प्लास्टिक उन्हाने पांढुरकं झालंय का आणि बोल्टभोवती भेगा आहेत का ते बघा. पट्ट्याच्या कडा उसवल्यात का, बकल दहा वेळा लावून-उघडून दहाही वेळा खटकतंय का, सळ्या वाकवलेल्या जागी गंजल्यात का, हेही तिथल्या तिथे बघून घ्या. अपघातात सापडलेली सीट आहे का, असं सरळ विचारा. आणि ब्रॅकेट मागा. फ्रेमचा ब्रॅकेट विकणाऱ्याच्या सायकलवरच राहून गेलेला असतो. तो त्याच मॉडेलचा सुटा मिळतो की नाही हे पैसे देण्याआधी मोबाइलवर पाहा. आई-बाबा दोघांच्या सायकली असतील तर दोन ब्रॅकेट घ्या म्हणजे सीट एकच पुरते.